भिंतभर काच आणि ताई

सूनबाईनं ताईला पहिल्यांदा पाहिलं ते एका हार्डवेअरच्या दुकानात. ही बाई पुढं आपली नणंद होणार आहे याची तेव्हा तिला कल्पनाही नव्हती. ती पडद्याच्या कड्या घ्यायला गेली होती. गल्ल्यापुढं एक उंच, हडकुळी बाई उभी होती. बाह्या कोपरापर्यंत वर, केसांवर सिमेंटची धूळ, हातात फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी. दुकानदार तिला समजावत होता की नळी उत्तम आहे, तारीख जरा उलटली म्हणून काही बिघडत नाही, चालतंय.

"चालतंय?" बाई म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. तिनं नळीचं टोक कापलं, ती आपल्या पिस्तुलासारख्या यंत्रात बसवली आणि दुकानदाराच्या काचेच्या गल्ल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ ओढली. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेऊन त्यावर बसली. "आता ही सुकेपर्यंत मी इथंच आहे. सुकली तर तुझं खरं."

"अहो ताई, गिऱ्हाइकं उभी आहेत."

"असू देत. त्यांनाही कळेल काय चालतं ते."

सूनबाईनं कड्या घेतल्या आणि ती निघाली. दाराशी तिनं मागं वळून पाहिलं, तर बाई हाताची घडी घालून त्या रेघेकडे बघत होती. गृहपाठ न केलेल्या मुलाकडे वर्गातल्या बाई बघतात, तशी. पुढं त्या रेघेचं काय झालं हे सूनबाईला कळलं ते लग्नानंतर. "सुकते कुठली," ताई म्हणाली. "संध्याकाळी त्यानं नवी नळी दिली आणि गल्ला पुसायला फडकं माझ्याच हातात दिलं. मेल्याला लाज नाही."

ताईचं काम खिडक्यांचं. चौकटी बसवायच्या, आणि चौकट आणि भिंत यांच्यामधली फट अशी बंद करायची की थेंबभर पाणी आत येता कामा नये. घरी सगळे तिला ताई म्हणत. कामावरचे लोक पाठीमागं 'फणकारा' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि तिची त्याला हरकत नव्हती. तिला हरकत होती ती 'चालतंय' या शब्दाला. लग्न मोडलं त्याचं कारणही ती हेच सांगे. "माणूस वाईट नव्हता," ती म्हणे, "पण भाजी करपली तरी चालतंय, नळ गळला तरी चालतंय. शेवटी मी म्हटलं, मी गेले तरी चालेल तुला. तर म्हणतो कसा, बघ बाई तुझं तू." बाजाराजवळच्या एका खोलीत ती एकटी राही. खोलीची खिडकी एवढीशी होती, पण तिच्यातून वारासुद्धा विचारून आत येत असावा.

हा राग आला कुठून, हे सूनबाईला बाबांनी सांगितलं. बाबा म्हणजे तिचे सासरे. मुलं लहान असताना ते सगळे एका भाड्याच्या खोलीत राहत. खिडकीखालची भिंत वर्षाचे सहा महिने ओली असे, आणि तिथंच आईची खाट. आई खोकायची. घरमालकाला सांगायला ताई जायची, कारण बाबा बस चालवायला गेलेले असत. घरमालक म्हणायचा, "भिंतीला काही झालेलं नाही. तुम्ही माणसं आत श्वास घेता, त्याची वाफ धरते." ताई तेव्हा शाळेत जाणारी पोर. ती घरी येऊन आईला म्हणाली, "आपण श्वास घेतो ते त्यांना चालत नाही." आई हसली म्हणे. ताई हसली नाही, आणि त्यानंतरही फारशी हसली नाही, असं बाबांचं म्हणणं.

सूनबाईनं एकदा ताईला हे विचारलं. ताई म्हणाली, "बाबांना गोष्टी रचायची हौस आहे. मला राग येतो, बस. काहींना शिंका येतात."

तर या ताईच्या धाकट्या भावानं, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्यानं, गावाच्या कडेला घर बांधायला काढलं.

घर छोटंच होतं, पण त्यात एक चैन होती, आणि ती बाबांसाठी होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर हात सावरला, पाय नाही, आणि बाबा चाकाच्या खुर्चीत आले होते. जुन्या घरात तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत त्यांची सारी दुनिया म्हणजे समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या. आयुष्यभर बसच्या मोठ्या काचेमागं बसलेला माणूस. म्हणून नव्या घरात त्यांच्या खोलीला तळमजल्यावर, अंगणाच्या बाजूला, जमिनीपासून छतापर्यंत काच लावायची ठरली. त्यातलं एक पान सरकणारं. बाबांनी आपल्या हातानं ते सरकवायचं आणि आपल्या हातानं चाकं फिरवत अंगणात जायचं. कुणाला हाक मारायची नाही, कुणी उचलायचं नाही. बाबांनी घराबद्दल दुसरं काहीही मागितलं नव्हतं.

काचेचं काम अर्थातच ताईचं. तिनं चौकटीखाली पाणी अडवणारा जाड कागद अंथरला, त्याच्या कडा आतल्या बाजूला वर वळवल्या, कोपरे दुहेरी केले. चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, अगदी तळाशी, बोटाच्या पेराएवढ्या चिरा होत्या. काचेच्या कडेनं जे थोडं पाणी चौकटीत शिरतंच, ते या चिरांतून बाहेर पडतं. मग तिनं नेहमीसारखी परीक्षा घेतली. ही परीक्षा कामावर प्रसिद्ध होती. बाहेर एकानं पाण्याचा पाइप धरायचा आणि खालून सुरुवात करून अगदी सावकाश वर जायचं. वरून सुरुवात केलेली तिला खपत नसे. वरून मारलेलं पाणी सगळीकडं ओघळतं, मग चूक नेमकी कुठली ते कळत नाही. ती स्वतः आत जमिनीवर तळवा टेकून बसे, आणि तोवर कुणी बोलायचं नाही. काच परीक्षेत उतरली. जाताना ताईनं बाहेरच्या भिंतीवर लाल पेन्सिलनं एक रेघ मारली, चौकटीच्या चार बोटं खाली.

"अंगणाची फरशी या रेघेच्या वर येता कामा नये," तिनं भावाला बजावलं. "पाणी साचलं तरी चौकटीला शिवलं नाही पाहिजे."

"पण मग बाबांना पायरी होईल," भाऊ म्हणाला.

"होईल. दोघांनी धरून उतरवायचं."

"ताई, अगं हे सगळं कशासाठी केलंय मग?"

"घर कोरडं राहण्यासाठी केलंय. नाही म्हटलं ना एकदा."

भाऊ तिच्यापुढं गप्प बसला. लहानपणापासून त्याची तीच पद्धत. तिच्यासमोर मान हलवायची आणि मागाहून आपल्याला हवं ते करायचं. त्यानं गवंड्याला विचारलं. गवंडी म्हणाला, "एवढ्याशा पाण्यानं काय होतंय, साहेब? उतार देतो की." आणि अंगणाची फरशी थेट चौकटीच्या कडेला, आतल्या जमिनीला सपाट अशी येऊन भिडली. बाबा पहिल्या दिवशी चाकं फिरवत बाहेर गेले, आत आले, पुन्हा बाहेर गेले. सूनबाई दारात उभी राहून बघत होती. मागं न बघता त्यांनी एक हात वर करून हलवला. थांब्यावरून बस सोडताना हलवत असावेत तसा.

दुसऱ्या दिवशी ताई आली. तिची रेघ फरशीखाली गडप झाली होती.

त्या दिवशी ती जे बोलली ते सगळं काही इथं लिहिण्याजोगं नाही. गवंड्याच्या अकलेपासून सुरुवात झाली आणि भावाच्या कणाहीनपणापर्यंत गाडी आली. "तोंडावर नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून मागनं फरशी घातलीस. बाळपणी दूध खिडकीतून ओतायचास, तोच तू." भाऊ जमिनीकडं बघत उभा. शेवटी ताईनं पिशवी उचलली. "पाणी आत आलं तर मला बोलावू नका. मी या घराची खिडकी लावलेली नाही, असं समजेन."

पाणी आत आलं. पावसाचे दिवस सुरू झाल्यावर काही काळ बरा गेला, मग एका दुपारी वाऱ्यानं दिशा बदलली आणि पाऊस थेट काचेवर आदळायला लागला. अंगणात पाणी साचलं, चौकटीच्या चिरा त्यात बुडाल्या, आणि डाव्या कोपऱ्यातून आत एक ओली जीभ निघाली. पाऊस ओसरल्यावर भावानं ती पुसली. मग बाहेर जाऊन बघतो तर चौकटीच्या तळाशी चक्क भोकं. त्याला वाटलं, सापडलं. त्यानं सिलिकॉन आणलं आणि सगळ्या चिरा एकजात बुजवून टाकल्या. आता चौकटीत शिरलेल्या पाण्याला बाहेर जायची वाटच उरली नाही. ते बिनधास्त आत येऊ लागलं. लाकडी जमिनीचा कोपरा फुगला.

ताईला कळवायचा प्रश्नच नव्हता. ती दर आठवड्याला बाबांना भेटायला येई. भावाशी बोलत नसे, पण येई. त्या दिवशी घरात धावपळ. फुगलेल्या कोपऱ्यावर चटई टाकायची, चटईवर कुंडी ठेवायची, आणि तरी भरवसा नाही म्हणून बाबांची खुर्चीच तिच्यापुढं उभी करायची.

"बाबा, तो कोपरा सोडून इकडं या ना," ताई म्हणे.

"इथं बरं वाटतंय मला."

"तिथं काय आहे? भिंतीकडं तोंड करून बसलाय."

"भिंत बघतोय. छान रंग दिलाय," बाबा म्हणत. सूनबाई चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरातून येतच नसे, कारण तिला खोटं बोलता येत नसे आणि हसूही आवरत नसे. पण हळूहळू तिचं हसू संपलं. एक माणूस घरात येतो म्हणून तीन माणसं श्वास रोखून बसतात, हे काय घर झालं? तिला नवऱ्याचा राग यायला लागला, ताईचा आला, आणि सगळ्यांत जास्त राग आला तो आपण कपबशा मांडत गप्प राहतो याचा.

मग ती दुपार आली. नवरा कामावर होता, बाहेर पाऊस होता, आणि सूनबाई चष्म्याच्या दुकानातली आपली अर्धी पाळी संपवून जरा लवकर घरी आली. बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिनं उघडलं, तर बाबा खुर्चीतून निम्मे खाली लोंबत होते. एका हातानं सरकत्या पानाचं कडं घट्ट धरलेलं, दुसऱ्या हातात काठी, आणि काठीच्या टोकाला त्यांचा अंघोळीचा टॉवेल. ओल्या जमिनीवर खुर्चीचं चाक घसरलं होतं. तिनं त्यांना धरून वर बसवलं. लागलं कुठं नव्हतं. खाटेखाली आणखी टॉवेल होते, ओले, पिळून घडी घातलेले.

"बाबा, हे किती दिवस चाललंय?"

"पाऊस आला की. फार नसतं गं." त्यांनी काठीच्या टोकाचा टॉवेल सोडवला. "तुम्ही लोक यायच्या आत आटपतो मी. नाही तर पुन्हा ती दोघं भांडतील."

सूनबाईनं नवऱ्याला फोन केला आणि इतकंच म्हणाली, "घरी ये. आत्ता." मग ताईला फोन केला.

ताई भिजत आली. चटई उचलली, कुंडी सरकवली, फुगलेल्या फळ्यांवर बोट दाबलं. मग बाहेर जाऊन चौकटीचा तळ पाहिला आणि आत आली ती आग होऊन. तोवर भाऊही पोचला होता. "चिरा कुणी बुजवल्या? कुठल्या गाढवानं बुजवल्या? पाण्याला बाहेर जायला दार ठेवलं होतं, त्याला कुलूप घातलंस? तुला डोळे आहेत का नुसती भोकं आहेत? आणि बाबा, तुम्ही. तुम्हाला तोंड नव्हतं? टॉवेल घेऊन पुसत बसलात मोलकरणीसारखे? पडला असता म्हणजे?"

"ताई, पुरे," सूनबाई म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच आहे. या घरात राहते मी." आपला आवाज आपलाच आहे का, असं सूनबाईला वाटलं, पण तो थांबेना. "तुम्ही विचारता ना तोंड नव्हतं का म्हणून? नव्हतं. तुमच्यापुढं इथं कुणालाच तोंड नसतं. तुमच्या रागाला भिऊन या घरात माणसं पाणीसुद्धा लपवतात. एक म्हातारा माणूस खुर्चीत लोंबकळत जमीन पुसतो, कशासाठी? ताईला कळू नये म्हणून. घरमालकापुढं लहानपणी तुम्ही गप्प बसायचात, तसे आम्ही बसतो. तुम्ही घरमालक झालाय आमच्या." मग ती नवऱ्याकडं वळली. "आणि तू. बहिणीला एकदा समोर उभं राहून नाही म्हणाला असतास, तर ही वेळ आली नसती. वाघ आहे का ती?"

काचेवर पाऊस आदळत होता आणि कोपऱ्यातून पाणी आपलं येतच होतं. ताईचा चेहरा पांढरा पडला होता. घरमालकाचा शब्द तिला कुठं लागला ते सूनबाईला दिसलं, पण तिनं तो मागं घेतला नाही.

बाबाच पहिल्यांदा बोलले. "पायरी कर, ताई. तुझ्या रेघेएवढी. मी आत बसेन. काचेतून दिसतंच की सगळं."

"गप्प बसा तुम्ही," ताई म्हणाली. ती खाली बसली आणि टॉवेलनं पाणी पुसू लागली. पुसता पुसता, कुणाकडं न बघता म्हणाली, "पायरीशिवाय जमतं."

"काय?" भाऊ म्हणाला.

"जमतं म्हटलं ना. काचेलगतची फरशी कापायची. वीतभर रुंद, खोल नाली करायची, तिला एका बाजूला उतार, पाणी बागेत काढून द्यायचं. वर लोखंडी जाळी, फरशीच्या सपाटीला. खुर्ची जाळीवरून जाते, पाणी जाळीतून जातं. चौकट कोरडी राहते."

"तुला माहीत होतं?"

"माझं काम आहे ते. माहीत नसायला काय झालं?"

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू विचारलंस? तू मान हलवलीस आणि गवंड्याकडं गेलास." टॉवेल पिळताना तिचे हात थांबले. "आणि मी एकदा नाही म्हटलं होतं. म्हणून नाहीच म्हणत राहिले."

एवढंच. माफी वगैरे ताईनं मागितली नाही. तशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

पाऊस उघडल्यावर कामाला सुरुवात झाली. फरशी कापायचं यंत्र ताईनं स्वतः चालवलं, आणि तुकडे उचलून टाकायचं काम भावाकडं. दोघं दिवसभर भांडत होती, पण आता भाऊ उलट बोलत होता. "उतार कमी वाटतोय," तो म्हणाला. ताई म्हणाली, "तुला उतार कळतो?" तो म्हणाला, "तांब्याभर पाणी ओतून बघ, मग बोल." तिनं ओतलं. पाणी नालीच्या मध्यावर रेंगाळलं. ताईनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, ते बरं नव्हतं, आणि उतार पुन्हा केला. बुजवलेल्या चिरा तिनं एकेक करून सुरीनं मोकळ्या केल्या आणि खरवडलेलं सिलिकॉन कागदात गुंडाळून भावाच्या हातात दिलं. "जपून ठेव, पुढं पोरं झाली की दाखवायला."

परीक्षेच्या दिवशी पाइप धरायला कुणी नव्हतं. भाऊ कामावर गेलेला, सूनबाई आत सामान हलवत होती. बाबा म्हणाले, "मी धरतो." खुर्ची जाळीवरून खडखडत बाहेर गेली. सूनबाईनं नळ सोडला. ताई आत, जमिनीवर तळवा टेकून.

"खालून, बाबा. खालून सुरू करा."

"खालूनच करतोय."

"ते खालून नाही, ते मधून आहे. जन्मभर गाडी चालवली, खालवर कळत नाही?"

"गाडीला काच धुवायला क्लीनर होता माझ्या. तू गप्प बस, आणि हात ठेव नीट," बाबा बाहेरून ओरडले. सूनबाईनं त्यांना इतक्या मोठ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

पाणी सावकाश चौकटीवर चढलं, काचेवर पसरलं, जाळीत उतरलं आणि बागेच्या बाजूनं बाहेर पडलं. काचेपलीकडं बाबांचा आकार ओघळत्या पाण्यात हलत होता. ताई बराच वेळ तशीच बसून राहिली. मग तिनं तळवा उचलला, उलटा करून पाहिला, गालाला लावून पाहिला.

"अजून मारू का?" बाबांनी विचारलं.

"मारा," ताई म्हणाली. "एवढ्यावर विश्वास ठेवत नाही मी."

फुगलेल्या फळ्या बदलून झाल्या. बाबा रोज सकाळी पान सरकवून बाहेर जातात आणि ऊन खुर्चीवर आलं की आत येतात. नालीत पानं साचतात, ती ताई आठवड्याच्या सुटीच्या दिवशी येऊन काढते, आणि ती साचूच कशी दिली यावरून आल्याआल्या घरातल्या सगळ्यांना झाडते. सगळे तिला उलट उत्तरं देतात. सध्या तिचं काम एका शाळेच्या नव्या इमारतीवर चालू आहे. हाताखाली दोघी जणी होत्या. त्यांतली एक तिच्या बोलण्याला कंटाळून मागच्या आठवड्यात काम सोडून गेली, दुसरी अजून टिकून आहे.